छत्रीवालीची उडी

मे महिना लागला की आमच्या कोथरूडमध्ये दुपारी दीडच्या सुमाराला एक शांतता उतरते. पूर्वीइतकी दाट नाही राहिली ती. समोरच्या सोसायटीचा पुनर्विकास चाललाय, तिथलं यंत्र दिवसभर खडखडत असतं, आणि वस्तू पोचवणारी पोरं दर पाच मिनिटांनी बेल वाजवतात. तरी मधेच सगळं एकदम थांबतं. कुणाच्या तरी गच्चीवरून कुरडयांच्या चिकाचा आंबूस वास येतो, जिन्याच्या खिडकीतून गरम वारा आत येऊन पायऱ्यांवर बसतो, आणि मी भाजीची पिशवी हातात घेऊन मधल्याच पायरीवर उभी राहते. त्या पाच मिनिटांत मी कितीची असते ते मला सांगता येत नाही. बहुतेक तेरा.

या वर्षी त्या शांततेचा चुराडा आमच्या चिरंजीवांनी केला. ईशान कानांवर हेडफोन चढवून, पडदे ओढून, पाच मित्रांशी तावातावाने भांडत होता. प्रत्येक जण आपापल्या घरी आणि भांडण मात्र एकत्र. विषय असा की जगातलं सगळ्यांत आयकॉनिक गेम कॅरेक्टर कोणतं. जगप्रसिद्ध मंडळींची नावं घेतली जात होती, कुणाचे किती गेम आले, कुणाच्या चित्राचे टी-शर्ट विकले जातात याचे पुरावे दिले जात होते. मी पन्हं ठेवायला आत गेले तर हेडफोनचा एक कान बाजूला करून त्याने विचारलं, आई, तुझ्या टाइमला मोस्ट आयकॉनिक कोण होतं?

"छत्रीवाली," मी म्हटलं.

त्याने लगेच शोधलं. इंटरनेटवर दोन हजार छत्र्या विकायला निघाल्या, छत्रीवाली काही निघाली नाही. असं काही नाहीये आई, तू इमॅजिन केलं असशील, असं म्हणून त्याने कान पुन्हा झाकला. मला खरंच राग आला. माझ्या एका अख्ख्या उन्हाळ्याला हा मुलगा 'असं काही नाहीये' म्हणत होता, आणि वर माझंच पन्हं पीत होता.

होती हो. चांगली होती. बाबांनी परीक्षा संपल्यावर तपकीर गल्लीतल्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानातून व्हिडिओ गेमचा सेट आणला होता, त्यातल्या पिवळ्या कॅसेटमध्ये होती. कॅसेटवर नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचं छापलेलं होतं. प्रत्यक्षात बावीस. बाकीचे तेच खेळ निराळ्या रंगांत. ती कॅसेट बनवणाऱ्याला आमच्या आईने वाणसामानाच्या यादीवर बसवायला हवं होतं, तासाभरात सुधारला असता. आतली अक्षरं चिनी होती की जपानी, आम्हाला कळत नव्हतं. त्यामुळे कुठल्याच पात्राचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. मग बारशी आम्हीच केली. निळा अंगरखा घालून दोन तलवारी फिरवणारा तो सरदार. स्कूटरसारख्या काहीतरी वाहनावर बसून सुसाट सुटणारा हिरवा बेडूक, तो बेडूकराव. आणि ती छत्रीवाली.

छत्रीवाली म्हणजे दहा-बारा चौकोनी ठिपक्यांची बाई. डोक्याला अंबाडा, असावा असा आमचा अंदाज. हातात मिटलेली लाल छत्री. ढगांसारख्या पांढऱ्या पायऱ्यांवरून ती चालत जायची आणि दरी आली की उडी मारायची. खोलीचे पडदे ओढलेले असायचे, वर पंखा कुरकुरत असायचा, मोझॅकची फरशी पाठीला गार लागायची, आणि टीव्हीचा निळा उजेड आमच्या हातांवर पडून आमचे हात पाण्याखाली असल्यासारखे दिसायचे. खाटेखाली गवतात आंबे पिकत घातलेले असत. त्या वासात ती बाई चालत राही, संथ, एकटी, कुठे निघाली होती देव जाणे. आजही पिकत्या आंब्याचा वास आला की मला आधी ती आठवते, मग आंबा.

पण ती कुणालाच आवडायची नाही, कारण तिला उडी नीट येत नसे. म्हणजे आम्हाला तसं वाटे. आवडायची ती एका रेवाला.

रेवा माझी धाकटी बहीण. मी नववीत जाणार होते आणि ती पाचवीत. रेवा बोलताना अडखळायची. शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचा, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. घरच्यांनी वेखंड उगाळून चाटवलं, जिभेखाली खडीसाखर ठेवली, कसब्यात जाऊन गणपतीला नवस बोलून झाले. या सगळ्यावर माझा आपला एक घरगुती उपाय होता. ती अडली की तिचं वाक्य मी पुरं करायची. मला वक्तृत्वाच्या ढाली मिळायच्या, माझी जीभ कात्रीसारखी चालायची, शब्दांची मला काही कमी नव्हती. दुकानात, शाळेत, पाहुण्यांसमोर, रेवाने तोंड उघडलं की लोक माझ्याकडेच बघायचे. आईसुद्धा म्हणायची, राहू दे बाळा, ताई सांगेल. ताई सांगायची. ताईला फार बरं वाटायचं.

आमच्या याच सोसायटीचे तेव्हाचे सेक्रेटरी दामले काका तळमजल्यावर राहायचे. त्यांनी जिन्याशी पाटी लावली होती: 'दुपारी एक ते चार शांतता पाळावी. ज्यांना झोप येत नाही त्यांनी इतरांची मोडू नये.' आम्हाला ती पाटी म्हणजे म्हाताऱ्याचा खवचटपणा वाटे. खरं कारण साधं होतं. दामले काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, रात्रपाळी करायच्या, आणि त्यांची झोप म्हणजे तेवढीच.

एका दुपारी वीज गेली. खेळ बंद पडला की जे होतं तेच झालं, आम्ही भांडायला लागलो. वरच्या मजल्यावरचा अभिजित, मी आणि रेवा, जिन्याच्या वळणावर. अभिजितचं म्हणणं, सगळ्यांत भारी सरदार. माझं म्हणणं, बेडूकराव. आवाज चढत गेले आणि खालून दामले काका आले. बनियन, पंचा, हातात ताडाचा पंखा. आता पाटीवरचा मजकूर ऐकून घ्यावा लागणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या. काकांनी भांडणाचा विषय विचारून घेतला, अगदी गंभीरपणे, आणि पायरीवर बसत म्हणाले, की भांडायला हरकत नाही, पण पुण्यात राहता तर रीतसर भांडा. वादविवाद घ्या. अध्यक्ष मी होईन. अट एकच, सगळं कुजबुजत.

असा वादविवाद मी नंतर कधी पाहिला नाही. बोलणाऱ्याने वरच्या पायरीवर उभं राहायचं, ऐकणाऱ्यांनी खाली बसायचं. घंटा वाजवता येत नव्हती, म्हणून वेळ संपली की काका हातातला रुमाल खाली टाकायचे. टाळ्यांऐवजी दोन्ही हात हवेत हलवायचे. मध्ये कुणी बोललं की तो बाद, कारण दोघं एकदम कुजबुजले तर एकाचंही ऐकू येत नाही. अभिजितने 'अध्यक्ष महाराज आणि माझ्या बालमित्रांनो' अशी सुरुवात केली, आणि ते इतक्या हळू म्हणायचं म्हटल्यावर त्यालाच हसू फुटलं. सरदाराने किती शत्रू मारले ते त्याने बोटांवर मोजून दाखवलं. मी बेडूकरावाची बाजू घेतली. म्हटलं, हा अस्सल पुणेकर आहे, गाडीवर बसला की कुणासाठी थांबत नाही. अध्यक्षांचं पोट हललं, मला वाटलं ढाल आपलीच.

मग रेवा उठली. मी सवयीने तिच्या शेजारी उभी राहायला निघाले, तर काकांनी पंख्याने मला खाली बसवलं.

ती वरच्या पायरीवर गेली. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर पडलं होतं, बाहेर गुलमोहर पेटला होता, कोकिळा मधूनच ओरडत होती. रेवा कुजबुजली, आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. ती अडखळत नव्हती.

"सरदार बटण दाबलं की उडी मारतो," ती म्हणाली. "बेडूकरावपण. छत्रीवाली आधी छत्री उघडते, मग उडी मारते. तेवढा वेळ कुणी थांबतच नाही. सगळे घाईने परत बटण दाबतात, मग छत्री मिटते आणि ती पडते. मग म्हणतात, ही बाईच बावळट. ती उशिरा उडी मारते, पण मारते. आणि तिची उडी सगळ्यांत लांब जाते."

काका रुमाल टाकायचा विसरले. आम्ही हात हवेत हलवायचे विसरलो. नंतर वीज आल्यावर आम्ही तिघं मुलं टीव्हीपुढे बसलो, आणि रेवाने सांगितल्याप्रमाणे मी बटण एकदा दाबून हात मागे घेतला. छत्री उघडली. ती बाई दरीच्या काठावरून निघाली आणि तरंगत, तरंगत, पडद्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टेकली. इतके दिवस तिला आम्हीच पाडत होतो.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस माझ्या आठवणीत वेगवेगळे राहिलेलेच नाहीत, सगळी मिळून एकच लांब दुपार झाली आहे. रोज विषय तोच. रोज कुजबुज. कैरीच्या फोडी, तिखटमीठ, पायऱ्यांचा गारवा. रेवा रोज बोलायची, नवीन नवीन मुद्दे काढायची. छत्रीवाली कुठे निघाली असेल, तिच्या घरी कोण असेल, छत्री लालच का. आमच्या घरात दहा वर्षांत तिचा जेवढा आवाज ऐकला नव्हता तेवढा मी त्या जिन्यात ऐकला. चार वाजले की टेकडीवरून वारा सुटायचा, दामल्यांच्या खिडकीची कडी वाजायची, काकू उठल्या असं कळायचं, आणि मग आम्ही मोठ्याने बोलायला मोकळे. रेवा त्याच क्षणी गप्प व्हायची. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

मला वाटलं, बरी झाली. वेखंडाने जे झालं नाही ते माझ्या बेडूकरावाच्या भांडणाने झालं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सोसायटीचा वर्धापनदिन असायचा, पार्किंगमध्ये सत्यनारायण आणि संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम. मी रेवाचं नाव यादीत घातलं. भाषण, विषय: माझी आवडती नायिका. यादी घेऊन गेले तेव्हा दामले काकूंनी चष्म्यावरून बघत विचारलं, तिला विचारलंस का? मी हो म्हटलं. धडधडीत खोटं बोलले. रेवाला मी आदल्या दिवशी सांगितलं, आणि ती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे होकार, असा आमच्या घरात तिच्यापुरता कायदाच होता.

तो प्रसंग लिहिताना आजही माझे कान तापतात. माइकसमोर कुजबुजता येत नाही, एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती. रेवा निळ्या फ्रॉकमध्ये उभी राहिली. समोर सगळी सोसायटी, आई-बाबा पहिल्या रांगेत. "सगळ्यांत मोठी ती," रेवा म्हणाली, स्वच्छ, "जी..." आणि पुढचा शब्द अडला. ओठ घट्ट मिटलेले. मान ताठ झाली. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. कुणीतरी खुर्ची सरकवली, मागे एक लहान मूल हसलं, आईने पदर तोंडाशी नेला. मला ते बघवेना. मी जागेवरून उठले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "जी कधीच हरत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांचा जीव भांड्यात पडला होता, त्याच्या त्या टाळ्या होत्या. रेवाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे हो, रागाने पाहिलं असतं तर मी सुटले असते. तिने माइक नीट जागेवर ठेवला आणि खाली उतरली.

शिरा वाटत असताना दामले काकूंनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं खोटं बोलल्याबद्दल ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, की झोप लागली नाही म्हणून पहिल्या दिवसापासून त्या खिडकीआड पडून आमचे वादविवाद ऐकत होत्या, आणि त्यातला एक आवाज त्यांना ओळखू येईना. इतक्या वर्षांत तो त्यांच्या कानावर पडलाच नव्हता.

"अगं, लाइन चालू असताना आपण मध्ये बोलायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पलीकडचा नुसता श्वास घेत असला तरी लाइन चालूच असते."

रेवा दुसऱ्या दिवशी जिन्यात आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अभिजित आणि मी दोघांनीच बसून पाहिलं, पण दोन बाजूंचं भांडण लवकर संपतं. मग एकदा चारनंतर मी वळणावरून खाली वाकून बघितलं, तर रेवा दामल्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. काकू स्टुलावर बसल्या होत्या, हातात चहाचा कप. रेवा बोलत होती, कुजबुजत नव्हती, चांगली मोठ्याने, अडखळत, थांबत, परत पहिल्यापासून सुरू करत. काकू काही शिकवत नव्हत्या, डोकं हलवून धीरही देत नव्हत्या. नुसत्या ऐकत होत्या. कपातल्या चहावर साय धरली होती. मी पायरीवर बसून राहिले, आणि कुणी विचारलं असतं तर डोळ्यांत कचरा गेलाय म्हणून सांगितलं असतं.

जून लागला, शाळा सुरू झाल्या. रेवा वर्षानुवर्षं काकूंकडे जात राहिली. सेट पुढच्या दिवाळीपर्यंत टिकला, मग त्याचा अडॅप्टर जळला आणि आईने पिवळ्या कॅसेटसकट सगळं रद्दीवाल्याला दिलं. दामले काका गेले, मागोमाग काकू गेल्या. पाटीचे चार खिळे तेवढे भिंतीत राहिलेत. रेवा आता साताऱ्याला शाळेत विज्ञान शिकवते. अजूनही अडखळते. वर्गात पहिल्या दिवशी सांगून टाकते, मला वेळ लागतो, तुम्ही थांबायचं. मुलं थांबतात म्हणे.

आम्ही दोघी भरपूर बोलतो, पण त्या संध्याकाळबद्दल कधीच बोललो नव्हतो. ते अर्धं वाक्य मात्र मी इतकी वर्षं सांभाळून होते. ओठ मिटलेले होते, म्हणजे शब्द पडते असेल, परत असेल, मला असेल. भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर मी एकेक शब्द त्या जागी बसवून बघायची. एकही धड बसायचा नाही.

म्हणून त्या दिवशी ईशान 'असं काही नाहीये' म्हणाला तेव्हा मी त्याचा हेडफोन काढायला लावला आणि रेवाला व्हिडिओ कॉल लावला. साक्षीदार हवा होता. साताऱ्यालाही दुपारच होती, तिच्या मागे खिडकीत ऊन होतं, पंखा फिरत होता. छत्रीवाली म्हटल्याबरोबर ती खळखळून हसली. तिने ईशानला सगळं सांगितलं, छत्री, दरी, दुसऱ्यांदा बटण दाबलं की पडणं. तिला वेळ लागला. मी एकदाही मध्ये बोलले नाही, आणि ईशानही चक्क गप्प बसून ऐकत राहिला. मग मी धीर केला.

"रेवा, त्या दिवशी तू काय म्हणणार होतीस गं? सगळ्यांत मोठी ती, जी... पुढे काय?"

ती विचारात पडली, डोळे मिटले.

"आ... आठवत नाही गं, ताई," ती म्हणाली.

खोटं नव्हती बोलत. तिला खरंच आठवत नव्हतं. जगात ते वाक्य एकाच ठिकाणी होतं, दहा वर्षांच्या एका मुलीच्या मिटलेल्या ओठांमागे, आणि तिथे मी माझं ठेवून दिलं होतं. माफी मागायचं मी योजलं होतं, तयारीही केली होती, आणि तोंडातून एक शब्द फुटेना. रेवा पलीकडे थांबून राहिली. बराच वेळ. तिने माझं वाक्य पुरं केलं नाही. शेवटी मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, मा... माहितीये.

ईशानला या सगळ्यातलं किती कळलं कोण जाणे. त्याने फोन स्वतःकडे वळवला आणि मुद्द्यावर आणलं, की मावशी, ते जाऊ दे, तू फायनल सांग, मोस्ट आयकॉनिक कोण?

"दा..." रेवा म्हणाली आणि अडली. मान ताठ झाली, डोळे मिटले. "दा... दा..."

ईशानने तोंड उघडलं. द-वरून सुरू होणारी जगातली सगळी पात्रं त्याच्या जिभेवर हजर होती, मदत करायची होती बिचाऱ्याला. माझाच मुलगा. मी हात वर केला.

"थांब," मी म्हटलं. "लाइन चालू आहे."

पंखा फिरत राहिला. समोरचं यंत्र कधी बंद पडलं होतं कळलं नाही. साताऱ्याच्या उन्हात माझी बहीण डोळे मिटून उभी होती आणि आम्ही दोघं इकडे बटणाला हात न लावता बसलो होतो.

"दामले काकू," रेवा म्हणाली.

ईशान गोंधळला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ही कुठल्या गेममधली?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी दिलं नाही.